बंबाचं पाणी

आमच्या गल्लीत बंब शिरला तेव्हा आग कुठंच लागलेली नव्हती.

घंटा मात्र ठणाठणा वाजत होती. बंबाची घंटा ऐकली की आमच्या शेलगाव पेठेत माणूस हातातलं काम टाकून आधी आपल्या छपराकडं बघायचा आणि मग शेजाऱ्याच्या. त्या दिवशीही तसंच झालं. बाया पोरं काखोटीला मारून दारात आल्या. गोदामावशी तर पिठाच्या हातांनी धावत आली आणि ओरडली, "कोनाचं जळून राह्यलं व बाई?"

बंब नेमका आमच्या दारापुढं थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून एक उंच, सावळा तरुण खाली उतरला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना चापूनचोपून तेल आणि पायांत काळेभोर, चकचकीत बूट. त्यानं गोदामावशीला नमस्कार केला, मग माझ्या मायला केला, आणि गर्दी बघून इतका गोंधळला की स्वतःच्याच ड्रायव्हरलाही नमस्कार करून मोकळा झाला.

"कोनाचं काई नाही जळलं, मावशी," तो म्हणाला. "मी पोरगी पाहाले आलो."

ती पोरगी म्हणजे मी. स्वयंपाकघराच्या खिडकीला डोळा लावून उभी होते, हातात पोह्यांची चाळणी होती, आणि हसू आवरता आवरत नव्हतं. आत बाबांचा आवाज चढला, "वच्छे, खिडकीतून दूर हो. पाह्याले तो आला, तू नाही."

झालं होतं असं, की आमच्या गल्लीला चार दिवस नळ नव्हता. फाल्गुन लागला की वऱ्हाडातल्या नळांना कोरड पडते, तशी आमच्या नळालाही पडली होती. माझं स्थळ घेऊन आलेले शेषरावमामा, मायचे धाकटे भाऊ, यांनी ही गोष्ट मुलाच्या कानावर घातली. "बाप्पा, त्याहिच्या घरी पोहे भिजवाले पानी नाही अन् तू चहा प्यायला चालला," असं काहीतरी म्हणाले असतील. मामाला बोलायला काय लागतं! पण तो मुलगा नगरपालिकेच्या बंबावर होता. त्यानं ते मनावर घेतलं आणि अख्खा बंबच घेऊन आला.

आता कोणी म्हणेल, बंब काय पाणी वाटायला असतो? पण तेव्हा आमच्या पेठेत बंब आगीपेक्षा लग्नांनाच जास्त जायचा. नगरसेवकाचा निरोप गेला की मांडवात बंब हजर. मी सुखदेवला, म्हणजे ह्याच मुलाला, पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, मागच्या उन्हाळ्यात, कोपऱ्यावरच्या लग्नात. एका म्हातारीला हंडा उचलेना, तर हा तिचा हंडा आपल्या डोक्यावर घेऊन तिच्या घरापर्यंत सोडायला गेला. तेवढ्यात इकडं नळी सुटली आणि नवरदेवाकडच्या सगळ्या पाहुण्यांची आंघोळ झाली. वरबाप शिव्या देत होता आणि हा हात जोडून हसत होता. मला तो तेव्हाच आवडला. आज सांगायला काय लाज? या वयात कोणाला भ्यायचं?

म्हणून मामानं जेव्हा घरी येऊन "सुखदेव इंगळे, बंबावर हाये" असं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबलं होतं. पण तो आनंद फार टिकला नाही. कारण बाबा.

माझे बाबा, गुणवंत काळमेघ, जिनात कामाला. जिन म्हणजे आमच्या गल्लीच्या मागचा सरकी काढायचा कारखाना. भिंतीला भिंत लागून. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस त्या जिनात होतं. दिवाळीला कापूस यायला लागला की काम, आणि उन्हं तापली की शेठ म्हणणार, "आता दिवाळीला या." मधले महिने बाबा कुठं विहिरीच्या कामावर, कुठं लाकडं फोडायला, कुठं लग्नात पंगती वाढायला. माय दुसऱ्यांच्या घरी जाऊन शेवया आणि पापड करायची. मी हाताखाली. लोकांच्या घरचे पापड लाटून लाटून माझ्या मनगटाला गाठ आली होती. दर वर्षी होळीनंतर बाबा ओसरीवर बसून बिडी ओढत नुसते जिनाच्या धुराड्याकडं बघत राहायचे. ते बघणं मला आवडायचं नाही.

त्यातून त्यांनी एकच गोष्ट धरली होती. पोरगी द्यायची ती कायम नोकरीवाल्यालाच. आलेल्या मुलाला ते शिक्षण विचारत नसत, शेती विचारत नसत. चहा झाला, की घसा खाकरून एकच प्रश्न, "कायम हाये का?" अकोल्याला कंपनीत असलेला मुलगा आला, तो म्हणाला, "अजून नाही, पण होईल." बाबा म्हणाले, "पोहे खा अन् निघा." स्वतःचं शिलाईचं दुकान असलेला आला, चांगला गोरागोमटा. "पोहे खा अन् निघा." आमच्या गल्लीत 'पोहे खा' हा शब्द नकाराला पडला होता. कोणी उसनं मागायला आलं तरी गोदामावशी म्हणायची, "पोहे खाय, माय, अन् जाय."

मामानं यावेळी सावधपणे बोलणं केलं होतं. बाबांनी विचारलं, "कायम हाये का?" तर मामा म्हणाला, "अरे दाजी, नगरपालिका म्हंजे कायमच की! नगरपालिका कुठी पळून जाते?" बाबांना ते पटलं. पण म्हणाले, "मी सोता इचारीन."

तर बंब दारात उभा होता. सुखदेवनं मागचा नळ सोडला आणि गल्लीत जत्रा भरली. हंडे, घागरी, बादल्या, पिंप, रांजण. एकीनं तर चुलीवरची भाजी काढून रिकामं पातेलं आणलं. ड्रायव्हर हमीदचाचा, पांढऱ्या दाढीचा जुना कायम माणूस, बंबाच्या पायरीवर बसून पान चघळत सगळ्यांना रांगेत उभं करत होता. "सबको मिलेगा, बाई, सबको मिलेगा. लडकीवालों को पहले."

"अन् आग लागली कुठी त?" गोदामावशीनं हंडा भरता भरता विचारलं.

"जुनं पानी आहे मावशी," सुखदेव म्हणाला. "आज ते सोडून नवं भरायचंच होतं. नाल्यात सोडन्यापेक्षा तुमच्या हंड्यात बरं. इथून सरळ विहिरीवरच जातो."

गल्लीनं शेवटच्या थेंबापर्यंत बंब पिऊन टाकला.

मग सुखदेव आत आला. दारात वाकून त्यानं बूट काढले आणि उंबऱ्याशी नीट जोडून ठेवले. बाबा त्या बुटांकडं बघतच राहिले. मग काहीतरी निमित्त काढून आत आले आणि मायच्या कानाशी म्हणाले, पण मला ऐकू येईल असं, "बूट पाह्यले का? नगरपालिका बूट देते त कायम मानसालेच देते. रोजीवाल्याले चप्पल बी नाही भेटत."

"मंग आता इचारू नका," माय म्हणाली.

"इचारतो. रीत हाये आपली."

पण चेहरा असा फुलला होता की मला वाटलं आज ते रीत म्हणूनच विचारणार. मी पदर सारखा केला. पोह्यांवर खोबरं टाकलं, कोथिंबीर टाकली. त्या पोह्यांत बंबाचं पाणी होतं, हे आठवून पुन्हा हसू आलं.

ताट घेऊन मी दाराशी आले तेव्हा बाबा सुखदेवसमोर मांडी घालून बसले होते, मामा खांबाला टेकून उगाचच छताकडं बघत होता, आणि हमीदचाचा ओसरीच्या कडेला, पायांतल्या जुन्या चपला हलवत. सुखदेव मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत होता. बाबांनी घसा खाकरला.

"सुखदेवराव, एक गोष्ट इचारू?"

"इचारा ना, मामाजी." त्यानं मान वर केली. चेहरा पार उतरला होता. मला तेव्हा कळलं नाही की का.

आणि तेवढ्यात जिनाचा भोंगा वाजला.

जिनाचा भोंगा आम्हाला पाठ होता. सकाळचा, जेवणाचा, सुट्टीचा. हा तसला नव्हता. हा थांबेचना. बाबा ताडकन उठले. "हा सुट्टीचा नाही," ते म्हणाले. भिंतीपलीकडून धुराचा लोट वर आला होता. पांढरा, मग पिवळा, मग काळा.

"कापूस," हमीदचाचा म्हणाला.

सुखदेव उंबऱ्याशी होता, बुटांत पाय घालत होता. एक बूट घातला आणि तसाच थांबला. चाचाकडं बघितलं. चाचानं बंबाकडं बघितलं. तेव्हा मलाही कळलं. बंब रिकामा होता. भरायची विहीर पार नदीकडं, आणि दुपारची वीज गेलेली, म्हणजे तिथली मोटारही बंद.

सुखदेव एका बुटानिशी गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"मायबाई हो!" तो ओरडला. आवाज फाटला त्याचा. "पानी वापस द्या! सगळं! जेवढं नेलं तेवढं!"

बायांनी हंडे आपल्याकडं ओढले. चार दिवसांनी मिळालेलं पाणी होतं ते. गोदामावशीनं तर कमरेवर हात ठेवले. "वापस? हे काय उसनं पीठ हाये का? घरात पोरं हायेत माह्या, त्याहिले काय पाजू?"

"मावशी, जिन जळून राह्यलं!"

"जळू दे मेलं! शेठनं एक दिवस तरी..." असं म्हणता म्हणता ती थांबली. तिचा मोठा मुलगा जिनात होता. तिचा नवरा त्याच जिनात काम करता करता गेला होता. तिनं पदर खोचला, आत गेली आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन बाहेर आली. वाटेत सगळ्यांवर खेकसली, "पाह्यत काय बसल्या व? जिन जळालं त चुलीवर काय ठेवसान, दगडं?"

मग गल्ली उठली.

आज त्या जागी मंगल कार्यालय आहे. रंगीत कारंजं आहे दारात, फुकटचं पाणी उडवतं. मी तिथं लग्नाला जाते तेव्हा जेवणाच्या टेबलाशी उभी राहून मोजमाप घेते, की कापसाची गंजी इथं होती, फाटक तिथं होतं, आणि बंब आपण बसलो त्या खुर्च्यांच्या जागी. नातींना सांगते तर त्या म्हणतात, "आजी, जेव ना." त्यांचंही बरोबर आहे. पण माझ्या डोळ्यांपुढून ती रांग जात नाही. आमच्या दारापासून जिनाच्या फाटकापर्यंत बायाच बाया. कोणाच्या डोक्यावर हंडा, कोणाच्या कमरेवर घागर, आणि दोघी मिळून पिंप ओढतायत.

बंब फाटकात उभा केला होता. सुखदेव दुसरा बूटही घालून त्याच्या टपावर चढला होता आणि वरच्या झाकणातून पाणी ओतत होता. मीही पोह्यांचं ताट टाकून, नऊवारीचा काष्टा मारून रांगेत शिरले होते. मायनं हाक मारली, "वच्छे, तुले पाह्याले आले ना व ते!" मी म्हटलं, "मंग पाह्यतील ना, तिथंच येऊन राह्यले!"

माझी पाळी आली. मी हंडा वर धरला. सुखदेवचं लक्ष आगीकडं.

"ए बाई, झोपली का? वर दे, वर!"

"देते ना! खाली पाह्यसान त दिसंल!"

"तोंड नंतर चालव, आधी हात चालव!"

दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला मी मुद्दाम हंडा जरा लांब धरला, वाकायला लावलं त्याला. तो चिडून काही बोलणार तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "वच्छे! तू कायले आली इथी? घरी जाय!"

सुखदेवनं 'वच्छे' ऐकलं. खाली बघितलं. माझ्या अंगावरची नवी साडी चिंब, कपाळावरचं कुंकू गालावर उतरलेलं. त्याच्या हातातून हंडा सुटला आणि सगळं पाणी हमीदचाचाच्या डोक्यावर.

"वा बेटा," चाचा म्हणाला. "शादी से पहले ही नहला दिया."

त्या तसल्या धुरात आम्ही दोघं हसलो. एवढाच काय तो आमचा बघण्याचा कार्यक्रम.

बंबात पाणी साठलं तशी नळी चालू झाली. वरच्या ज्वाळा बसल्या. पण बाबा ओरडत होते, "वरून विझते, आतून चालते! गंजी फोडा! फोडल्याबिगर नाही होत!" जिनाची गडीमाणसं आकडे घेऊन खालून कापूस ओढत होती. पण कोणीतरी वर चढायला हवं होतं, नळी घेऊन, गंजीच्या माथ्यावर. आत निखारा असलेल्या कापसावर चढायचं म्हणजे चुलीवर पाय ठेवायचा.

"मी जातो," सुखदेव म्हणाला आणि नळीचं तोंड खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. नगरपालिकेचे साहेब. उतरता उतरताच त्यांची नजर हमीदचाचाच्या पायांवर गेली.

"हमीद! आगीवर चपला घालून? तुझे बूट कुठं आहेत?"

चाचानं पाय मागं ओढून घेतले. त्याची पेन्शन दाराशी आली होती, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. साहेब दुखावले तर म्हाताऱ्याचं काय होईल, हेही माहीत होतं.

सुखदेवनं नळी खाली ठेवली. बंबाच्या पायरीवर बसला. एक बूट काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही चाचाच्या पायांपुढं नीट जोडून ठेवले. अगदी तसेच, जसे आमच्या उंबऱ्याशी ठेवले होते.

"चाचा, घाईत इथंच ठेवले होते तुम्ही," तो म्हणाला. "घाला."

"बेटा, वर तू चढणार..."

"घाला ना, चाचा."

मग त्यानं सरकीची दोन रिकामी पोती ओढली, बादलीत बुडवली, पायांना गुंडाळून सुतळीनं बांधली आणि नळी घेऊन गंजीवर चढला.

मी बाबांकडं बघितलं. त्यांच्या हातात आकडा होता, पण हात थांबला होता. ते चाचाच्या पायांतल्या बुटांकडं बघत होते. मग वर सुखदेवच्या पोत्यांकडं. बाबांना काही सांगावं लागलं नाही. मलाही लागलं नाही. त्या बुटांबरोबर माझं लग्नही गेलं, असं मला वाटलं, आणि धुराचं निमित्त करून मी पदर डोळ्यांना लावला. शेषरावमामाला मी शोधलं, तर तो कापसाच्या गाठींच्या थप्पीमागं जाऊन उभा.

बाबा मात्र तसे फार वेळ थांबले नाहीत. आकडा घेऊन गंजीच्या पायथ्याशी गेले आणि सुखदेव जिथं पाणी मारेल तिथला कापूस ओढायला लागले. वरून तो ओरडायचा, "मामाजी, डावीकडं!" खालून हे ओरडायचे, "तू पाय पाह्य! पाय पाह्य आपला!" असं बराच वेळ चाललं. उन्हं कलली तेव्हा धूर पांढरा झाला, मग विरळ झाला. अर्धी गंजी गेली. पण यंत्रांची शेड वाचली, गाठींचं कोठार वाचलं. म्हणजे जिन वाचलं, आणि दिवाळीला पुन्हा भोंगा वाजणार होता.

सगळे होते तिथंच खाली बसले. साहेब मात्र उभेच होते.

"बंब आला तेव्हा पाणी का नव्हतं?"

चाचा पुढं झाला, पण सुखदेवनं त्याला बोलू दिलं नाही. "मी सोडलं साहेब. जुनं पानी होतं. ह्याहिच्या गल्लीत चार दिवस नळ नव्हता."

"कोणाला विचारून?"



"अवो साहेब, आमीच वापस आनलं ना ते!" गोदामावशी मधे पडली. "थेंब न् थेंब आनला! माह्या घरात आता गुळनी कराले पानी नाही!"

साहेबांनी तिच्याकडं बघितलंही नाही. "उद्यापासून यायचं नाही," ते सुखदेवला म्हणाले, आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

बस. एवढंच. कायम माणसाला काढायचं तर नोटीस, चौकशी, युनियनवाले येतात, किती भानगडी असतात. याला जीपमध्ये चढता चढता काढलं. जे बाबांनी कळूनही विचारलं नव्हतं ते साहेबांनी साऱ्या पेठेसमोर सांगून टाकलं होतं.

सुखदेव वजनकाट्याच्या दगडावर जाऊन बसला. पायांची पोती सोडायला लागला तर ती ठिकठिकाणी चिकटली होती. त्यानं ओठ आवळून ओढली. तळपाय लाल झाले होते, काठांना फोड आले होते. बाया "अगं माय" म्हणत तोंड फिरवायला लागल्या. मला धावत त्याच्यापाशी जावंसं वाटलं, पण कोण लागत होते मी त्याची? जिला तो बघायला आला आणि बघणंही पुरतं झालं नाही, ती पोरगी.

बाबा जागेवरून उठले. काट्याकडं चालत गेले. सुखदेवनं त्यांना येताना पाहिलं आणि उठायला बघितलं, पण पाय टेकवेनात.

बाबा मागं वळून मला म्हणाले, "वच्छे, घरी जाय. पोहे आन."

पोहे म्हणजे काय, हे मला कळलं. साऱ्या गल्लीला कळलं. गोदामावशीनं कपाळाला हात लावला. मायनं नुसतं "अवो..." म्हटलं. मी निघाले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओल्या मातीत सांडलेल्या पाण्याचे ओघळ, आणि दाराशी उपडे पडलेले हंडे. घरात पोह्यांचं ताट मी टाकलं होतं तसंच पालथं. पातेल्यात उरलेले होते ते वाढले. थंडगार झाले होते. त्यावर पुन्हा खोबरं टाकायला हात होईना. कशाला टाकायचं? खाऊन निघूनच तर जायचं होतं त्याला. रडत रडतच परत आले, आणि खरं सांगते, वाटेत बाबांचा मला इतका राग आला की तोंडावर चार शब्द बोलायचं ठरवूनच मी फाटकात शिरले.

तर तिथं सगळे गोल करून उभे होते.

बाबा जमिनीवर बसले होते, सुखदेवच्या समोर. शेजारी गोदामावशीचा हंडा. त्यात तळाला पाणी उरलेलं. सुखदेव पाय मागं ओढत होता आणि बाबांनी त्याचा घोटा घट्ट धरला होता.

"मामाजी, काय करून राह्यले? ऐका ना. मी सांगनारच होतो. मी कायम नाही हो, मामाजी. बूट चाचाचे होते. अन् आता त..."

"मी तुले काई इचारलं का?" बाबा म्हणाले.

"नाही, पन..."

"मंग? इचारलंच नाही त सांगते कायले? पाय दे इकडं."

आणि त्यांनी हंडा वाकडा केला आणि त्याच्या पायांवर पाणी धरलं. हळूहळू, बेतानं, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. दुसऱ्या हातानं राख धुतली, काजळी धुतली, फोडांना धक्का न लावता बोटांच्या बेचक्यातली कापसाची जळकी तुसं काढली. मग खांद्यावरचा पंचा घेऊन ते पाय टिपले. गंजीवर चढताना एकदाही न कण्हलेला तो बाप्या माणूस, आता हुंदके देऊन रडायला लागला. हमीदचाचानं पायांतले बूट काढून हातात घेतले होते आणि तो अनवाणी उभा होता.

मी ताट धरून तशीच. नवऱ्या मुलाचे पाय कोण धुतं आणि कधी धुतं, हे काय मला कोणी शिकवायला हवं होतं?

माय पुढं झाली. तिचेही डोळे वाहत होते, पण रीतभात सोडेल तर ती माय कसली. बाबांच्या खांद्याला हळूच हात लावून म्हणाली, "अवो, हे काय? पाय त लग्नाच्या दिवशी धुतात."

"लग्नातबी धुईन," बाबा म्हणाले, आणि हंड्यातलं शेवटचं पाणी ओंजळीत घेतलं. "पन आज पानी हाये, त धुऊन घेतो. लग्नात भेटते का नाही, कोनाले ठाऊक."